थायरॉइडची रक्तचाचणी: नमुना कसा द्यावा आणि अहवाल कसा वाचावा

थायरॉइडच्या तपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी टीएसएचच्या ओळीवर जाते, आणि तिथला आकडा ठळक छापलेला दिसला की पुढचे काही वाचण्याआधीच काळजी सुरू होते. हा आकडा महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) हे थायरॉइड ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत तयार होते, आणि शरीराला थायरॉइडची संप्रेरके पुरेशी मिळत आहेत की नाहीत याबद्दल पिट्यूटरीचा अंदाज काय आहे, एवढेच ते आपल्याला सांगते. हा अंदाज बदलायला काही आठवडे लागतात, दिवसाच्या वेळेनुसार तो थोडा वरखाली होतो, आणि प्रयोगशाळेतही तो थेट न मोजता प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) मदतीने मोजला जातो. या तीन गोष्टी ध्यानात ठेवून नमुना दिला आणि अहवाल वाचला, तर विनाकारण धास्ती टळते आणि खरा बिघाडही नजरेतून सुटत नाही. निदान करणे आणि गोळीची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. नमुना योग्य स्थितीत देणे, आवश्यक ती माहिती आपणहून सांगणे आणि नेमके प्रश्न विचारणे मात्र रुग्णाच्या हातात असते, आणि हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

आधी संदेशांची साखळी

साखळीची सुरुवात मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापासून होते. तिथून टीआरएच नावाचे, फक्त तीन अमिनो आम्लांचे बनलेले संप्रेरक सुटते आणि ते पिट्यूटरीला टीएसएच सोडण्याचा संदेश देते. या इवल्याशा रेणूची रचना रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांच्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी १९६९ मध्ये उलगडली. एकीकडे मेंढ्यांच्या आणि दुसरीकडे डुकरांच्या लाखो मेंदूंमधून अगदी नगण्य प्रमाणात तो वेगळा काढावा लागला होता. रक्तात संप्रेरके किती कमी प्रमाणात असतात आणि ती मोजणे मुळात किती अवघड आहे, याची कल्पना या एका गोष्टीवरून येते.

पिट्यूटरीतून निघालेले टीएसएच रक्तावाटे थायरॉइडच्या पेशीपर्यंत पोहोचते, पण पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पटलात सात वेळा आरपार गेलेले एक ग्राही प्रथिन असते, त्याच्या बाहेरच्या भागाला टीएसएच चिकटते, आणि त्यामुळे ग्राहीचा आकार किंचित बदलतो. आतल्या बाजूला असलेले जी-प्रथिन या बदलामुळे जागे होते आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालना देते. हा विकर एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवू लागतो, आणि पेशीतली पुढची बहुतेक कामे, म्हणजे रक्तातून आयोडीन ओढून घेणे, ते थायरोग्लोब्युलिन या प्रथिनावर बसवणे आणि तयार झालेली संप्रेरके रक्तात सोडणे, या सायक्लिक एएमपीच्या सांगण्यावरून होतात. संदेश पोहोचला की दुसरा विकर सायक्लिक एएमपीचे विघटन करतो, त्यामुळे संदेश कायमचा चालू राहत नाही. सायक्लिक एएमपीच्या शोधातून संप्रेरकांच्या कार्यपद्धतीचा उलगडा केल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१ चे, आणि जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्या खोलात जाण्याचे कारण असे की अहवालातल्या काही कोड्यांचे उत्तर नेमके या ग्राहीपाशी आहे. ग्राही फक्त आपल्यात बसणारा आकार ओळखतो, तो आकार कुठून आला हे त्याला कळत नाही. ग्रेव्ह्जच्या आजारात शरीरातच तयार झालेली प्रतिपिंडे या ग्राहीवर बसून सायक्लिक एएमपीचे उत्पादन अखंड चालू ठेवतात. पिट्यूटरीने टीएसएच जवळजवळ शून्यावर आणले तरी थायरॉइड थांबत नाही, कारण ही प्रतिपिंडे पिट्यूटरीच्या ताब्यात नसतात. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचा एक अर्धा भाग टीएसएचसारखाच असतो आणि उरलेल्या अर्ध्यातही साम्य असते, म्हणून तेही या ग्राहीला थोडी चालना देते. दोन्ही प्रसंगी अहवालात टीएसएच कमी दिसते, पण एक आजार असतो आणि दुसरे निरोगी गरोदरपणातही घडते.

थायरॉइडमधून मुख्यतः टी-फोर (थायरॉक्सिन) बाहेर पडते. त्यावरचा आयोडीनचा एक अणू काढून त्याचे टी-थ्री करण्याचे काम बव्हंशी यकृत, मूत्रपिंड आणि इतर ऊतींमध्ये होते. टी-थ्री पेशीच्या केंद्रकात जाऊन तिथल्या ग्राहीला चिकटते आणि कोणत्या जनुकांपासून किती प्रथिने बनावीत हे बदलते. पिट्यूटरीतही हेच घडते. टी-थ्री पुरेसे असेल तर टीएसएचचे जनुक दबलेले राहते, कमी पडले तर मोकळे होते. हा प्रतिसाद अतिशय तीव्र आहे. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न बांधलेले टी-फोर, निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते कित्येक पटींनी, काही वेळा शंभर पटींपर्यंत वाढते. म्हणूनच टी-फोर अजून नॉर्मल मर्यादेत असतानाच टीएसएच मर्यादेबाहेर गेलेले दिसू शकते, आणि प्राथमिक चाचणी म्हणून टीएसएचला पहिला मान मिळतो.

आयोडीनचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले ते त्यामुळे. अलीकडे अनेक घरांत रोजच्या स्वयंपाकासाठी सैंधव वापरले जाते. पुडीवर ते आयोडीनयुक्त असल्याचे लिहिलेले नसेल तर त्यातून पुरेसे आयोडीन मिळते असे समजू नये, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर मुळीच समजू नये. नेहमीच्या थायरॉइड चाचणीत आयोडीन मोजले जात नाही, त्यामुळे अहवालावरून ही कमतरता थेट कळत नाही.

नमुना देण्यापूर्वी

टीएसएच मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत सर्वांत जास्त असते आणि दुपारी सर्वांत कमी. जेवणानंतरही ते थोडे उतरते. या चाचणीसाठी उपाशीपोटी असणे सक्तीचे नाही, तरी सकाळी लवकर, काही खाण्यापूर्वी नमुना देण्याची सवय चांगली, कारण त्यामुळे दर वेळची परिस्थिती सारखी राहते. एकदा सकाळी सात वाजता उपाशीपोटी आणि पुढच्या खेपेस दुपारी जेवून नमुना दिला, तर दोन आकड्यांतला फरक आजाराचा की वेळेचा हे कोणालाच सांगता येणार नाही. रात्रभर जागरण झाले तर टीएसएच चढलेले राहते, म्हणून रात्रपाळी संपवून थेट प्रयोगशाळेत जाऊ नये.

जे लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या टी-फोरची, गोळी घेतात त्यांनी चाचणीच्या दिवशी आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी. गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत फ्री टी-फोर तात्पुरते वाढते आणि तो चढलेला आकडा अहवालात उतरला तर दिशाभूल होते. गोळी सोबत घेऊन जावी, रक्त दिल्यावर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्ध्या ते एका तासाने नाश्ता करावा. चाचणी आहे म्हणून दोन-चार दिवस आधीपासून गोळी बंद करणे चूक आहे, कारण आपल्याला गोळी चालू असतानाची स्थितीच तपासायची असते. याउलट, मधल्या काळात गोळ्या चुकल्या असतील तर चाचणीआधी चार दिवस नेमाने घेऊन ते भरून निघत नाही. फ्री टी-फोर लवकर सुधारते, टीएसएच मागे राहते, आणि मग टीएसएच चढलेले पण फ्री टी-फोर व्यवस्थित किंवा चांगलेच वर, असा विसंगत अहवाल येतो. अशा वेळी गोळ्या चुकल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगितले नाही तर मात्रा विनाकारण वाढवली जाण्याचा धोका असतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या लिव्होथायरॉक्सिनचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे. ते ठेवले जात नसेल तर तेही सांगावे.

मात्रा बदलल्यानंतर किती दिवसांनी तपासावे, हा नेहमीचा प्रश्न आहे. टी-फोरचे रक्तातले अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे ७ दिवसांचे असते. नवी मात्रा सुरू केल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण पाच अर्धायुष्ये, म्हणजे पाच आठवडे लागतात, आणि पिट्यूटरी त्यानंतर सावकाश जुळवून घेते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनंतरची चाचणीच उपयोगी. पंधरा दिवसांनी केलेल्या चाचणीवरून मात्रा पुन्हा बदलली, तर पहिल्या बदलाचा परिणाम कळण्याआधीच दुसरा बदल होतो आणि आकडे महिनोन्‌महिने हेलकावे खात राहतात. थायरॉइड अतिसक्रिय असलेल्यांच्या बाबतीत हा उशीर आणखी लांबतो. औषधाने टी-फोर व टी-थ्री नॉर्मल झाले तरी दीर्घकाळ दबलेले टीएसएच वर यायला काही महिने लागू शकतात. म्हणून उपचारांच्या सुरुवातीच्या काळात फ्री टी-फोर आणि टी-थ्री पाहूनच मात्रा ठरवली जाते.

ताप, मोठे आजारपण किंवा रुग्णालयात दाखल असण्याच्या काळात थायरॉइडचा ठाम संशय नसेल तर ही चाचणी पुढे ढकलणेच योग्य. गंभीर आजारात शरीर टी-थ्रीचे प्रमाण कमी करते, टीएसएचही खाली येऊ शकते, आणि बरे होत असताना ते काही काळ मर्यादेच्या वर जाते. थायरॉइड निरोगी असूनही हे सारे घडते. स्टेरॉइड, डोपामाइन, लिथियम आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन या औषधांचा परिणामही आकड्यांवर होतो, तसाच सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त द्रव्याचाही होतो. नमुना देताना अर्जावर या गोष्टींसाठी जागा नसली तरी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात.

राहिले बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते, आणि शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे. ही गोळी चाचणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवावी. काही चेतासंस्थेच्या आजारांत याहून कितीतरी मोठी मात्रा दिली जाते. अशांनी डॉक्टरांना विचारून अधिक दिवसांचे अंतर ठेवावे. लोक बायोटिनला औषध मानत नाहीत, म्हणून ‘काही औषधे चालू आहेत का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. बायोटिनमुळे काय बिघडते हे समजण्यासाठी मोजमापाची पद्धत पाहावी लागेल.

प्रयोगशाळेत काय होते

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना १९५० च्या दशकात आढळले की इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. या प्रतिपिंडांचाच त्यांनी मोजमापासाठी उपयोग केला. प्रतिपिंडांची संख्या ठरावीक ठेवायची, त्यांत किरणोत्सारी आयोडीन लावलेले ठरावीक इन्सुलिन घालायचे आणि वर रुग्णाचे रक्तद्रव्य घालायचे. मोजक्या खुर्च्यांसाठी दोन गटांत चढाओढ व्हावी तसे होते. रुग्णाच्या रक्तात इन्सुलिन जितके जास्त, तितके किरणोत्सारी इन्सुलिन बाहेर राहते, आणि उरलेला किरणोत्सार मोजून प्रमाण काढता येते. या रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धतीने संप्रेरकशास्त्राचे रूपच बदलले. बर्सन १९७२ मध्ये वारले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक गिलेमिन आणि शॅली यांच्याबरोबर मिळाले, आणि त्यांच्या संशोधनाचा पाया वापरून जगभरच्या प्रयोगशाळांनी शेकडो संप्रेरके मोजली. यॅलो आणि बर्सन यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. महाराष्ट्राशीही या विद्येचे नाते जुने आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये उभे राहिले आणि थायरॉइडचे निदान व उपचार यांसाठी किरणोत्सारी समस्थानिकांचा वापर तिथे दशकानुदशके होत आला आहे.

आज बहुतेक यंत्रांत किरणोत्साराऐवजी प्रकाश देणारे रसायन वापरतात, पण तत्त्व तेच आहे. टीएसएच मोठे प्रथिन असल्याने त्याला दोन वेगवेगळी प्रतिपिंडे दोन बाजूंनी धरू शकतात. एक प्रतिपिंड त्याला पकडून ठेवते, दुसऱ्यावर प्रकाश देणारा रेणू असतो. टीएसएच जास्त तर प्रकाश जास्त. या सँडविच पद्धतीमुळे १ मिली-एकक प्रति लिटरच्या खाली अंदाजच न देणाऱ्या पहिल्या पिढीच्या चाचण्यांपासून ०.०१ पर्यंत मोजणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या चाचण्यांपर्यंत मजल मारता आली. टी-फोर आणि टी-थ्री मात्र इतके लहान रेणू आहेत की त्यांना दोन प्रतिपिंडे एकाच वेळी धरू शकत नाहीत. तिथे अजूनही चढाओढीची जुनी पद्धतच चालते, आणि तिच्यात हिशेब उलटा असतो: प्रकाश कमी म्हणजे संप्रेरक जास्त.

अनेक यंत्रांत प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेले असते आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन त्या बायोटिनला घट्ट पकडून सगळा संच एका जागी आणते. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा त्यानेच भरून जातात, संच पकडला जात नाही आणि दोन्ही पद्धतींत प्रकाश कमी पडतो. सँडविच पद्धतीत याचा अर्थ टीएसएच खोटेच कमी, आणि चढाओढीच्या पद्धतीत फ्री टी-फोर व फ्री टी-थ्री खोटेच जास्त. हे चित्र हुबेहूब अतिसक्रिय थायरॉइडचे असते. काही यंत्रांवर ग्रेव्ह्जची प्रतिपिंडेही याच कारणाने खोटीच सापडू शकतात, आणि मग पूर्णपणे निरोगी माणसाला थायरॉइड दाबणारे औषध सुरू होण्याची वेळ येते. वजन घटणे, छातीत धडधड, हातांना कंप असे काहीच नसताना असा अहवाल आला, तर औषध सुरू करण्याआधी बायोटिन थांबवून पुन्हा नमुना देण्याबद्दल डॉक्टरांशी अवश्य बोलावे. प्रयोगशाळेलाही विचारावे की त्यांच्या पद्धतीत बायोटिनचा अडथळा येतो का. सर्व कंपन्यांची यंत्रे या जोडणीवर चालत नाहीत, त्यामुळे तोच नमुना दुसऱ्या पद्धतीने तपासता येतो.

याच्या नेमका उलट घोटाळाही होतो. काहींच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की ती चाचणीतल्या दोन प्रतिपिंडांना टीएसएच नसतानाही एकमेकांशी जोडतात आणि टीएसएच खोटेच जास्त दिसते. टीएसएच चांगलेच वर, फ्री टी-फोर अगदी मध्यावर, लक्षणे काहीच नाहीत आणि गोळी देऊनही आकडा हलत नाही, असे असेल तर हा संशय घ्यावा. नमुना विरळ करून पाहिला की आकडा त्या प्रमाणात उतरत नाही, यावरून प्रयोगशाळेला ते ओळखता येते.

आकडे वाचताना

टीएसएचचे एकक मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति लिटर असे लिहिले काय किंवा मायक्रो-एकक प्रति मिलिलिटर असे लिहिले काय, आकडा तोच राहतो. फ्री टी-फोरचे तसे नाही. ते कुठे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये तर कुठे पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, आणि पहिल्याला सुमारे १२.९ ने गुणले की दुसरे मिळते. परदेशात राहणाऱ्या मुलांकडे जाऊन तिथे तपासणी केलेल्या आईवडिलांचे फ्री टी-फोर अचानक १.२ वरून १५ झालेले दिसते, ते बहुधा या एककामुळे.

शेजारी छापलेली मर्यादा, टीएसएचसाठी साधारणतः ०.४ ते ४ किंवा ४.५, ही निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. याचाच अर्थ असा की दर वीस निरोगी माणसांतला एक तिच्या बाहेर असणारच. शिवाय प्रत्येकाची स्वतःची पट्टी या सार्वजनिक पट्टीपेक्षा बरीच अरुंद असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचे वर्षभर दर महिन्याला नमुने घेऊन केलेल्या अभ्यासात ती साधारण निम्म्या रुंदीची आढळली. म्हणून जुने अहवाल टाकून देऊ नयेत. एका वहीत तारीख, नमुन्याची वेळ, गोळीची मात्रा, प्रयोगशाळा आणि आकडे लिहून ठेवावेत, आणि शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे. एकाच माणसाच्या टीएसएचमध्ये काही कारण नसतानाही बराच फरक पडतो, त्यामुळे २.८ चे ३.६ झाले हा बदल मानू नये. आकडा जवळपास दीडपट झाला किंवा निम्म्यावर आला, तरच काहीतरी घडले आहे असे मानायला आधार मिळतो.

टी-थ्री, टी-फोर, टीएसएच अशी सरसकट तिघांची चाचणी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते टीएसएच आणि फ्री टी-फोर ही जोडी अधिक उपयोगी आहे. एकूण टी-फोरपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना बांधलेला असतो आणि ही प्रथिने गर्भनिरोधक गोळ्यांनी, गरोदरपणात किंवा यकृताच्या आजारात कमीजास्त होतात, म्हणून एकूण आकडा फसवू शकतो. थायरॉइड मंद आहे का हे ठरवताना टी-थ्रीचा फारसा उपयोग नसतो, कारण ते शेवटपर्यंत टिकून राहते. ते पाहावे लागते अतिसक्रियतेचा संशय असताना.

टीएसएच जास्त आणि फ्री टी-फोर कमी असेल तर थायरॉइड मंदावलेली आहे हे स्पष्ट असते. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत याचे नेहमीचे कारण म्हणजे जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला, शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार, आणि टीपीओ या थायरॉइडमधल्या विकराविरुद्धची प्रतिपिंडे तपासून त्याची खूण पटते. ही प्रतिपिंडे एकदा तपासली की पुरे. ती दर सहा महिन्यांनी मोजून उपचारांत काही बदल होत नाही. टीएसएच जास्त पण फ्री टी-फोर नॉर्मल असेल, तर लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करण्याची घाई नसते. दोन ते तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी, कारण बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. तो १० च्या वर टिकून राहिला तर सामान्यतः उपचार केले जातात. ४.५ ते १० च्या दरम्यान वय, लक्षणे, प्रतिपिंडे आणि गरोदरपणाची शक्यता पाहून निर्णय होतो. वयाबरोबर टीएसएच थोडे वाढतेच, त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या आजोबांचे ६ आणि पंचविशीतल्या नातीचे ६ यांचा अर्थ एक नव्हे.

टीएसएच दबलेले आणि फ्री टी-फोर वर, असे असेल तर रक्तात संप्रेरक जास्त आहे एवढे कळते, ते का जास्त आहे हे कळत नाही. ग्रंथी जास्त बनवते आहे, की सूज येऊन साठवलेले बाहेर गळते आहे, हे ग्राहीविरोधी प्रतिपिंडे किंवा स्कॅन यांवरून ठरते. गळतीच्या प्रकारात उत्पादन थांबवणाऱ्या औषधाचा काही उपयोग होत नाही, म्हणून ‘कारण कोणते’ हा प्रश्न आधी विचारावा.

सर्वांत सहज निसटणारा अहवाल म्हणजे फ्री टी-फोर कमी आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमी. टी-फोर घसरल्यावर टीएसएच उसळायला हवे होते, ते उसळले नाही म्हणजे बिघाड पिट्यूटरीत किंवा तिच्या वर असू शकतो. फक्त टीएसएच तपासले असते तर हे दिसलेच नसते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या, नंतर दूध न आलेल्या आणि पाळी परत सुरू न झालेल्या स्त्रीत ही शक्यता प्रकर्षाने लक्षात घ्यावी. इथे थायरॉक्सिन सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक तपासणे अत्यावश्यक असते, कारण त्याची कमतरता असताना आधी थायरॉक्सिन दिले तर जिवावर बेतू शकते.

गरोदरपण आणि नवजात बाळ

पहिल्या तिमाहीत एचसीजीमुळे टीएसएच खाली येते, म्हणून नेहमीची मर्यादा इथे लागू होत नाही. वरची मर्यादा सरसकट २.५ मानावी अशी शिफारस २०११ मध्ये होती. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये ती बदलली, आणि स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तर पहिल्या तिमाहीत साधारण ४ ही वरची सीमा धरावी असे सांगितले. अजूनही २.५ चा आकडा पाहून घाबरलेल्या स्त्रिया भेटतात, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलावे. आधीपासून गोळी चालू असेल तर गरोदरपणाची खात्री होताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गरज सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाचा मेंदू पूर्णपणे आईच्या टी-फोरवर अवलंबून असतो. त्यानंतर गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी करावी.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच त्याचे टीएसएच प्रचंड उसळते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उतरते. म्हणून टाचेतून घेतलेल्या रक्ताची चाचणी ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करतात, त्याआधी केली तर खोटी भीती निर्माण होते. काही रुग्णालये त्याऐवजी जन्मताच नाळेचे रक्त घेतात. आपल्याकडे सर्वच प्रसूतिगृहांत ही तपासणी आपोआप होते असे नाही, म्हणून घरी सोडण्यापूर्वी ‘बाळाचे टीएसएच झाले का आणि अहवाल केव्हा मिळेल’ हे विचारून घ्यावे. जन्मजात मंद थायरॉइड असलेले बाळ सुरुवातीला अगदी निरोगी दिसते, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्याची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखी होण्याची शक्यता उत्तम असते. टाचेच्या चाचणीत आकडा ४० च्या वर असेल तर शिरेतून दुसरा नमुना घेऊन, त्याच्या अहवालाची वाट न पाहता गोळी सुरू केली जाते. गोळी चुरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून लगेच पाजावी. दुधाच्या भरलेल्या बाटलीत ती घालू नये, कारण बाळाने बाटली अर्धवट सोडली तर मात्राही अर्धवट राहते. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर ते वेगळ्या वेळी द्यावेत.